आवाज पोचत नाही

परवा एका सभेत मला सात मिनिटे बोलायचे होते. त्यांपैकी चार मिनिटे मी पाणीबचतीवर बोलले आणि उरलेली तीन मिनिटे सभा माझ्या आवाजावर बोलली.

माझे तिसरे वाक्य संपते न संपते तोच शेवटच्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहिले आणि कानामागे तळहात धरून म्हणाले, "आवाज पोचत नाही!" त्यांचे हे वाक्य मात्र माइकविना माझ्यापर्यंत स्वच्छ पोचले. मी माइक ओठांजवळ ओढला. "आता घुमतोय!" त्यांनी कळवले. माइक फार जवळ घेतला की खर्ज फुगतो हे खरेच असल्यामुळे मी वीतभर मागे सरले. "गेला, पुन्हा गेला!" त्या गडबडीत मी माइकची जाळीच मुठीत पकडली. जाळी झाकली की माइकला दिशेचे भान राहत नाही, समोरच्या तोंडाबरोबर तो बाजूच्या कर्ण्याचेही ऐकू लागतो आणि तेच पुन्हा कर्ण्याला सांगतो. त्या दोघांच्या संवादातून अशी शिट्टी निघाली की निवांत डुलक्या घेणारे चार श्रोतेही दचकून जागे झाले. माझ्या भाषणाचा श्रोत्यांवर दिसलेला परिणाम तेवढाच.

मध्यंतरात ते गृहस्थ मला शोधत आले.

"ताई, राग मानू नका, पण तुम्ही गळ्यातून बोलता."

स्वरतंतू गळ्यातच असताना मी दुसरीकडून कुठून बोलणार होते, हे मी विचारले नाही.

"पोटातून बोला. हे बघा." त्यांनी स्वतःच्या पोटावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि असा काही "नमस्कार" सोडला की खुर्च्या हलवणारा एक मुलगा लांबून हात जोडून मोकळा झाला. "आता तुम्ही." मी पोटावर हात ठेवून नमस्कार म्हटले. "हा छातीतला." मी पुन्हा म्हटले. "हा नाकातला." तिसऱ्या नमस्कारावर त्यांनी मान तिरकी करून बराच वेळ विचार केला. "हा नक्की कुठला आहे ते सांगता येत नाही."

त्यांचे सगळेच चुकीचे होते असे मी म्हणणार नाही, आणि खरा त्रास त्याचाच आहे. फुफ्फुसांखालचा पडदा खाली ओढून श्वास भरला आणि तो जपून सोडला तर आवाज टिकतो. माणूस घाबरला की श्वास खांद्यांत अडकतो, गळ्याचे स्नायू आवळतात, तंतू ताणले जाऊन आवाज वर चढतो. पण घाबरवणारा माणूसच हे समजावून सांगू लागला तर ते ऐकायचे कसे? शिवाय प्रत्येक सूचनेआधी ते जोरात खाकरत होते आणि "बोलण्याआधी खाकरू नये, तंतू एकमेकांवर आपटतात," हेही त्यांनी मला खाकरूनच सांगितले. पुढे त्यांच्या बोलण्यात प्राचीन ग्रीक वक्ता डेमोस्थेनिस आला. तो तोंडात खडे धरून सराव करीत असे, अशी आख्यायिका आहे. त्या क्षणी मलाही दोन-चार खडे हवे होते, फक्त तोंडात ठेवण्यासाठी नव्हे.

"बायकांचा आवाज मुळात चिरकाच असतो," ते आपुलकीने म्हणाले. "ब्रिटनच्या थॅचरबाईंनीसुद्धा शिकवणी लावून खाली आणला होता." पुरुषाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण १२० वेळा कंप पावतात आणि बाईचे २०० च्या आसपास. ही शरीररचना आहे, माझ्या तयारीतली त्रुटी नव्हे. पंतप्रधानपदाच्या वाटेवर निघालेल्या बाईलाही आवाज खाली आणा म्हणणारे भेटलेच, हे ऐकून मला हुरूप यावा अशी त्यांची अपेक्षा असावी. मला मात्र थकवा आला. माझ्याआधी बोललेले वक्ते अर्धा तास छातीवरच्या बिल्ल्याशी पुटपुटत होते आणि तेव्हा कोणाचाही तळहात कानामागे गेला नव्हता. त्यांच्याविषयी लोक म्हणाले, "फार मृदू बोलतात."

मध्यंतर संपले आणि समारोपाला आभार मानण्यासाठी तेच गृहस्थ व्यासपीठावर चढले. त्यांनी पोटावर तळहात ठेवला, शांतपणे श्वास भरला आणि भरदार खर्जात, एकेक अक्षर सुटे करीत, शेवटच्या भिंतीवर आपटून परत यावे अशा आवाजात वृक्षारोपणावरील उत्तम भाषणाबद्दल दुसऱ्याच कोणा बाईंचे आभार मानले.