वणव्याची राख आणि राबाची राख

डोंगर भाजला की गवत जोमाने येते, राखेचे खत होते, वाडवडीलही भाजावळ (पेरणीआधी शेताचा तुकडा भाजणे) करीतच होते आणि वनखाते स्वतःच रान जाळते. मग रायगड जिल्ह्यातल्या फणसाडसारख्या अभयारण्याच्या वणवा आराखड्यावर, म्हणजे आग रोखण्याच्या आणि विझवण्याच्या नियोजनावर, खर्च कशाला, असा मजकूर दर उन्हाळ्यात कोकणातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतो.

यातला वाडवडिलांचा दाखला सर्वांत फसवा आहे. भाजावळीत दाढीच्या, म्हणजे भाताची रोपे तयार करण्याच्या, बांधबंदिस्त तुकड्यावर शेण, टहाळ (झाडांच्या फांद्या), पातेरा (वाळका पाला) आणि वर मातीचा थर देऊन, वारा पडलेला पाहून हा थर, म्हणजे राब, पेटवतात. राख बांधाआड राहते आणि भाताचे रोप तिथेच उगवते. डोंगरउताराला असा बांध कुठला? कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मृगाच्या पहिल्याच जोरदार सरींत राख आणि पातेरा जळाल्याने उघडी पडलेली माती वहाळाला (ओढ्याला) लागते. शिवाय राखेत पालाश (पोटॅश) आणि चुना उरला, तरी पाल्यातल्या नत्राचा मोठा भाग धुराबरोबरच गेलेला असतो.

गवताचे म्हणणे अर्धे खरे आहे. जळक्या ठोंबांना कोवळे फुटवे लवकर येतात आणि गुरे ते आवडीने खातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच आगीत ऐन-किंजळ या जंगली झाडांची रोपटी होरपळतात आणि हे दरवर्षी घडले की जुन्या झाडांची जागा घ्यायला नवी झाडे उरत नाहीत. फणसाडच्या शेकरूला (मोठ्या खारीला) फांदीवरून फांदीवर जायला सलग रान लागते, कुरण नव्हे.

वनखाते जाळते ती जाळरेषा : वणव्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ठरावीक पट्ट्यातले गवत कापून, माणसे उभी करून जाळायचे, म्हणजे पुढे आगीला तिथे खायला काही मिळत नाही. अभयारण्यात इतर कोणी आग लावणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३० नुसार निषिद्ध आहे.

आग लागल्याचा इशारा उपग्रह देतोच, मग आराखडा कशाला, हा नवा युक्तिवाद. मात्र उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो आणि झाडोऱ्याखालून सरपटणारी आग त्याला अनेकदा दिसत नाही. इशारा आला तरी कोणत्या पाणंदीने जायचे, पाणी कुठे आहे, खासगी मालकीच्या काजूबागांच्या हद्दीवरचे गवत कोणी आधी काढायचे आणि लगतच्या वाड्यांनी भाजावळ कोणत्या दिवशी करायची, हे आराखड्यातच ठरते.