'अलाऊ' दाबलं म्हणजे हक्क गेला, हे कोणी सांगितलं?

"वकील मित्राकडून आलंय" असं म्हणत फिरणारा एक मेसेज माझ्या आत्यापर्यंत पोचला, म्हणून हे लिहितोय. ॲपने परवानगी मागितल्यावर एकदा 'अलाऊ' दाबलं की कायद्याने संमती झाली, ती मागे घेता येत नाही, अटींत लिहिलं असेल तर तक्रारही करता येत नाही, असं त्यात आहे. वर हाच मेसेज स्टेटसला ठेवला की डेटा सुरक्षित! त्यावर वेळ घालवत नाही.

आत्याने एका ॲपवरून कर्ज घेतलं होतं. हप्ता थकला तसे तिच्या फोनमधल्या नंबरांवर वसुलीचे फोन गेले, अगदी विहिणीलासुद्धा. मेसेज वाचून ती म्हणते, "मीच दाबलं ना रे, आता कोणत्या तोंडाने बोलू?"

दाबलं म्हणून काय झालं? 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम 6 काढून बघा. संमती मोकळेपणाने, समजून-उमजून, बिनशर्त दिलेली हवी आणि सांगितलेल्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती. कायद्यातच उदाहरण आहे. डॉक्टरी सल्ला देणारं ॲप कॉन्टॅक्ट लिस्टही मागतं, बाई दोन्हीला हो म्हणते. तरी संमती धरायची ती सल्ल्यापुरतीच, कारण सल्ला द्यायला कॉन्टॅक्ट लिस्ट लागत नाही. मग कर्जाला विहीणबाईंचा नंबर कशाला लागतो? आणि त्यांनी कुठे काय दाबलं होतं?

बाकीचंही त्याच कलमात आहे. संमती देणं जितकं सोपं, मागे घेणंही साधारण तितकंच सोपं हवं (आधी झालेला वापर त्याने बेकायदा ठरत नाही, एवढं खरं). तक्रारीचा हक्क सोडायला लावणारी अट बाद. संमती रीतसर घेतली हे सिद्ध करायचं कंपनीने, आत्याने नव्हे.

एक मात्र कबूल करायला हवं. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि संमतीची कलमं लागू व्हायला त्याच वेळी 18 महिन्यांची मुदत दिली आहे. पण कर्जाच्या ॲपसाठी त्याची वाट बघायची गरजच नाही. बँका आणि एनबीएफसींच्या (बँक नसलेल्या वित्त कंपन्यांच्या) कर्ज-ॲपनी कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग, फोनमधल्या फाइल यांना हात लावायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्येच बजावलंय. तेव्हा आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवायचं, 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. ॲपमागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेली कंपनीच नसेल तर सरळ सायबर पोलीस. फोन आलेल्या नंबरांचे स्क्रीनशॉट त्याआधी विहीणबाईंकडून मागून घ्या.