खडकीच्या कबरी १८१७ च्या नाहीत

गेल्या आठवड्यापासून पुण्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. परवा तो पुतणीच्या शाळेच्या पालक ग्रुपवर आला आणि खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली. मजकूर थोडक्यात असा: खडकीची वॉर सिमेट्री म्हणजे १८१७ साली पेशवाई बुडवणाऱ्या इंग्रजांच्या कबरी; महापालिका आपल्या मिळकतकरातून त्या सांभाळते; भारतीय सैनिकांची तिथेही दखल नाही आणि जगातही कुणी घेतली नाही; पुणेकरांनी स्वतःच्या जवानांसाठी एक वीटही रचली नाही. म्हणून ५ नोव्हेंबरला तिथे जाऊन नावांना काळं फासा. शाळेतली पोरं हे वाचतायत, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी १८१७. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची, गणेशखिंड आणि खडकीच्या मधल्या माळावरची. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या फौजेशी झालेल्या या लढाईत इंग्रजांच्याच नोंदीप्रमाणे त्यांचे मेलेले आणि जखमी मिळून ८६, त्यातही निम्म्याहून जास्त देशी शिपाई. मुळा रोडवरच्या या सिमेट्रीत दुसऱ्या महायुद्धातल्या कबरी आहेत १,६६८. ८६ चे १,६६८ कसे झाले, हे मेसेज लिहिणाऱ्यानं सांगावं. कुठल्याही एका कबरीसमोर उभं राहून वाचा: सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण, मृत्यूची तारीख. तारखेतच उत्तर आहे. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी पुरलेले, जिथे कबरींची कायमची देखभाल होणार नव्हती असे सैनिक इथे एकत्र आणले गेले. आवारातल्या एका स्मारकावर पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात वारलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावं आहेत. त्यातल्या ६२९ जणांचे अवशेष मुंबईच्या शिवडीहून जून १९६२ मध्ये आणले, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पंधरा वर्षांनी. शिवाय पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या १९३ सैनिकांचं वेगळं स्मारक आहे. काळं फासायला जाणारा नेमका कुणाच्या नावाला फासणार? पेशव्यांशी लढलेला एकही माणूस तिथे नाही. आणि कोरलेल्या अक्षरात ऑइल पेंट गेला की तो दगडाच्या छिद्रांत मुरतो. मग कुणीतरी ॲसिड आणतं किंवा तारेचा ब्रश चालवतं, आणि रंगाबरोबर अक्षरांच्या कडाही जातात.

पैशाचं अर्धसत्य मान्य करतो. देखभाल कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन करतं, म्हणजे दोन्ही महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था. त्याचा खर्च सहा देशांची सरकारं उचलतात आणि त्यात भारत आहे. पण भारताचा वाटा शंभरात एकाच्या आसपास, तोही केंद्र सरकारचा. तुमच्या मिळकतकराशी त्याचा संबंध नाही.

भारतीयांची दखल नाही, या मुद्द्यावर मात्र थांबायला हवं, कारण इथे खरी जखम आहे आणि मेसेजनं चुकीच्या जागी बोट ठेवलंय. खडकीत मराठा शिपायांच्या कबरी शोधू नका. हिंदू सैनिकांचं दहन व्हायचं, कबर कुठून असणार? त्यांची नावं स्मारकांवर गेली. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, त्यांचं नाव तिथल्याच कसिनो गावच्या स्मारकावर आहे. अन्याय झाला तो इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर. १९१६ मध्ये इराकमधल्याच कुतच्या वेढ्यात अडकून शरण गेलेली सहावी डिव्हिजन ही ‘पूना डिव्हिजन’ होती, तिच्यात मराठा पलटणी होत्या. बसऱ्याला भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या शिपायांचे पलटणीखाली नुसते आकडे. ही असमान वागणूक कमिशननं स्वतःच एप्रिल २०२१ च्या अहवालात कबूल केली. संताप करायचाच तर यावर करा.

परक्यांनी कधी मान दिला नाही, हेही खोटं. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या मुक्तीसाठी लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ तिथल्या सरकारनं एक लाख पौंड दिले. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला ७०,००० आले, ते खडकवासल्याच्या एनडीएला, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीला लागले. तिथल्या मुख्य इमारतीचं नाव सुदान ब्लॉक आहे ते त्यामुळेच.

आणि वीट? कॅम्पात घोरपडीकडच्या बाजूला राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, १५ ऑगस्ट १९९८ ला खुलं झालेलं, नागरिकांच्या वर्गणीतून उभारलेलं. ज्यांनी त्यासाठी पैसे दिले त्यांच्या तोंडावर हे वाक्य फेकलंय. ते स्मारक स्वातंत्र्योत्तर हुतात्म्यांचं आहे, तिथे महायुद्धातल्या पणजोबांचं नाव शोधू नका.

ते शोधायचं तर कमिशनच्या ऑनलाइन नोंदी फुकट आहेत. आधी फक्त आडनाव टाका, सैन्य भारतीय निवडा, आणि जादा माहितीच्या रकान्यात गाव किंवा जुन्या स्पेलिंगनं ‘पूना’ घाला. स्पेलिंग बदलून बघा: घाडग्यांचं नाव ‘यशवंत’ नाही, ‘येशवंत’ असं नोंदलंय, आणि मराठा पलटणीचं स्पेलिंग ‘माहरट्टा’ असं येतं. मृत्यू ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ किंवा ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातला असेल तरच नोंद मिळेल. युद्धावरून परत येऊन या काळानंतर वारले असतील तर मिळणार नाही. नाव जुळेना तर सैनिकाचा नंबर शोधा. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या गोल कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरात ठोकलेली असते. पदक तिरपं उजेडात धरलं की वाचता येतं. ते चिंचेनं किंवा पॉलिशनं घासून चकचकीत करू नका. चांदी झिजते, आणि आधी जातो तो कडेवरचा नंबर.