गादी फेकू नका

वरच्या घरातल्या बेसिनखाली एक पाइप असतो. करंगळीएवढा जाड, आत रबर, बाहेरून स्टीलच्या तारांची वेणी. प्लंबर त्याला कनेक्शन पाइप म्हणतात. रबर कडक होत जातं, वेणीच्या तारा टोकाशी गंजतात आणि कुणाचं लक्ष नसताना तो फुटतो. वरच्या घरात तळं साचतं, खालच्या घरात पाऊस पडतो. आणि पावसात उभा असलेला भाडेकरू स्वतःला धीर देतो की आपण विमा काढलाय, काळजी कशाची?

तर काळजी इथूनच सुरू होते.

सगळ्यात आधी कुणाचं काय ते बघा. छत, भिंती, फरशी, घरमालकानं बसवून दिलेली कपाटं ही मालकाच्या विम्याची बाब. गादी, पुस्तकं, लॅपटॉप, कपडे हा भाडेकरूचा संसार, त्याला भाडेकरूची पॉलिसी. मालकाच्या विम्यातून आपली गादी भरून मिळेल हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की तो कुठून तरी वारसाहक्कानं येत असावा. छताचे पोपडे आपल्या यादीत लिहू नका. उलटून पत्र येतं आणि त्यात आठवडा जातो.

पहिल्या तासात पॉलिसी आपल्याकडून दोन गोष्टी मागते. पुरावा जसाच्या तसा ठेवा आणि नुकसान वाढू देऊ नका. म्हणजे कशालाही हात लावू नका आणि सगळं ताबडतोब उचला. यातून वाट एकच. वरच्यांचा मेन कॉक बंद करायला लावायचा, भिजलेल्या भागाची वीज मेन स्विचवरून तोडायची (स्विचबोर्ड ओला असेल तर त्याच्याजवळही न जाता इलेक्ट्रिशियनला बोलवायचं), आणि मग बादली हातात घेण्याआधी मोबाइल. खोलीच्या चार कोपऱ्यांतून चार फोटो, मग वस्तूंचे जवळून, मग फ्रिज-टीव्हीच्या मागचं नंबराचं स्टिकर. पुसापुशी त्यानंतर. ओल तशीच राहिली तर दोनेक दिवसांत बुरशी धरायला लागते, आणि ‘वेळेवर पुसलं नाही’ हे कारण कंपनीला फार आवडतं. भिजलेलं यंत्र ‘चालतंय का बघू’ म्हणून लावून पाहू नका. पाण्यानं वाचलेलं त्यात जळतं. फुटलेल्या पाइपाचा तुकडा मात्र वरच्यांकडून मागून घ्या आणि पिशवीत बांधून ठेवा. उद्या कंपनी वरच्यांकडून वसुली करायला निघाली तर तिचा मुख्य साक्षीदार तोच.

आता विमा कंपनीला फोन. त्याच दिवशी करा आणि क्लेम नंबर लिहून घ्या. इथे आपला तक्रारीचा सूर आडवा येतो. साधी गोष्टही वजनदार करून सांगायची आपल्याला सवय. पाइप आज पहाटे फुटलेला असतो, पण तोंडातून निघतं, ‘अहो, कधीपासून गळतंय, सांगून सांगून थकलो!’ पलीकडची व्यक्ती हे शब्दशः टाइप करते. अशा बहुतेक पॉलिसींमध्ये पाणी ‘अचानक आणि अपघातानं’ आलेलं असावं लागतं. महिनोन्‌महिने झिरपणारं पाणी ही देखभालीची हयगय, तिला पैसे नाहीत. खोटं बोलायचं कारण नाही. खरोखर कधीपासूनच गळत असेल तर ते लपतही नाही. पण जे पहाटे झालं ते पहाटेच झालं म्हणा. बाहेरून शिरलेलं पुराचं पाणी हा आणखी वेगळा प्रकार. ते काही पॉलिसी धरतात, काही वगळतात. म्हणजे एकच गादी, भिजलेलीही सारखीच, पण पाणी कुठल्या कुळातलं यावर तिचं भवितव्य ठरतं.

मग यादी. वस्तू, कंपनी, मॉडेल, खरेदीची तारीख, किंमत. तारखेच्या रकान्यापाशी भलेभले अडतात, कारण घरात खरेदीचं कॅलेंडरच निराळं असतं. सोफा ‘आधीच्या घरात होतो तेव्हा’चा, मिक्सर ‘धाकटी रांगत होती तेव्हा’चा. हे रकान्यात मावत नाही. जुने ईमेल धुंडाळा, कार्डाची स्टेटमेंट काढा आणि घरातले जुने फोटो बघा. फोटोत पुढे उभ्या असलेल्या माणसांना आपण ओळखतोच. या वेळी मागे उभा असलेला फ्रिज बघायचा. तारखेसकट पुरावा मिळतो. यादीत उशा, पडदे, चादरी, चार्जर विसरू नका. मोठ्या वस्तू सगळेच लिहितात, पैसे बुडतात ते किरकोळीत.

यानंतर सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीनं धाडलेला माणूस, येतो. बोलतो कमी, वाकतो जास्त. त्याच्या हातातल्या छोट्या यंत्राला दोन टाचण्या असतात. त्या लाकडात टोचल्या की ओल किती ते आकड्यात दिसतं. पार्टिकल बोर्डाच्या कपाटाचा तळ तो बोटानं चाचपतो. भुसा फुगून कडेचं लॅमिनेट उचललेलं असतं, भिजलेल्या वहीसारखं. फुगवटा फिकट आणि स्वच्छ असेल तर ताजा, काळा पडून कुबट वास येत असेल तर जुना. छतावरचा डागही तो झाडाचं वय मोजल्यासारखा वाचतो. पिवळ्या कडांची एकात एक वर्तुळं दिसली की पाणी अनेकदा येऊन गेलंय हे त्याला कळतं. त्याला चहा जरूर द्या, वर्तुळं कमी होणार नाहीत.

शेवटी घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत. टीव्ही 40 हजारांचा, आयुष्य 8 वर्षं धरलेलं, वापरून झाली 6. हाती उरले 10 हजार. त्यातून डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण स्वतः सोसायची ठरलेली रक्कम, समजा 5 हजार. उरले 5. नुकसानच डिडक्टिबलच्या आसपास असेल तर माझ्या मते क्लेमच्या वाटेला जाऊ नये. पुढच्या हप्त्यात तो आपली आठवण ठेवतो. शिवाय काही पॉलिसींत आणखी एक कलम असतं. सामान 10 लाखांचं आणि विमा 5 लाखांचा काढला असेल, तर 1 लाखाच्या नुकसानीला 50 हजारच. हप्ता वाचवायला सामान कमी दाखवणाऱ्याचं गणित तिथे चोख परत येतं. पॉलिसी ‘नव्याला नवं’ प्रकारची, म्हणजे जुन्या वस्तूच्या जागी नवीची किंमत देणारी असेल तर बरं. पण तीतही बऱ्याचदा आधी घसारा कापून पैसे येतात, आणि उरलेले नवी वस्तू घेऊन मुदतीत बिल दाखवल्यावर.

आणि गादी? ती गॅलरीत उभी. भिजल्यावर तिचं वजन दुपटीच्या वर गेलेलं, दारातून नेताना दोघांची पाठ धरलेली. वास शेजारपर्यंत पोचलेला, वरचे लोक तोंड चुकवतायत. तरी फेकायची नाही. पैसे दिले की भिजलेला माल कंपनीचा ठरू शकतो, आणि गादीच नसेल तर ती होती हे कशावरून? म्हणून ‘विल्हेवाट लावायला हरकत नाही’ हे लेखी मागा, फोनवरचं ‘हो हो’ चालणार नाही. ते पत्र आलं की गादी खाली न्या. टेंपोत चढवायच्या आधी आणखी एक फोटो काढा.