स्नायू सैल कसा होतो, हे आधी शिकवायला हवे

नागपुरात अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवताना मला एक गोष्ट सतत खटकते. स्नायूंच्या आकुंचनावर आपण तासभर बोलतो आणि स्नायू सैल कसा होतो, हे शेवटच्या दोन वाक्यांत उरकतो. नीटच्या तयारीत तर प्रथिनांची नावे पाठ झाली की विषय संपतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा.

स्नायूतली ॲक्टिन आणि मायोसिन ही दोन प्रथिने एटीपीच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या, सान्निध्यात आली की एकमेकांवर क्रिया करू लागतात. त्यांना वेगळ्या हुकमाची गरज नसते. खरी गरज असते ती त्यांना आवरण्याची. ते काम ट्रोपोमायोसिन हे तिसरे प्रथिन करते. हा लांबट रेणू ॲक्टिनच्या सात घटकांवर पसरून मायोसिनच्या बसण्याच्या जागा झाकून ठेवतो आणि त्याच्यावरच ट्रोपोनिन या आणखी एका प्रथिनाचे सी, आय आणि टी हे तीन भाग बसलेले असतात. चेतातंतूचा संदेश पोचला की पेशीतल्या जालिकेतून, म्हणजे कॅल्शियमच्या साठ्यातून, कॅल्शियम बाहेर पडते, ते ट्रोपोनिन-सीला चिकटते, ट्रोपोनिन-आयची पकड ढिली होते, ट्रोपोमायोसिन बाजूला सरकते, आणि मगच मायोसिनला ओढता येते. पुढे तेच कॅल्शियम जालिकेत परत भरायला पुन्हा एटीपी लागते. म्हणजे सैल होण्यालाही ऊर्जा मोजावी लागते. मृत्यूनंतर शरीर ताठ होते, कारण एटीपी संपल्यावर मायोसिन ॲक्टिनपासून सुटू शकत नाही. हे एकच उदाहरण मुलांना आधी सांगितले, तर पुढचे निम्मे प्रश्न त्यांचे तेच विचारतात.

हे कळायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला. ॲक्टिन आणि मायोसिनचे तंतू एकमेकांवर सरकतात, हे १९५४ साली मांडले गेले. पण कॅल्शियमसारखा साधा आयन एवढे मोठे काम करतो, यावर अनेक जाणकारांचा विश्वास बसत नव्हता. टोकियोतले शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनी मात्र हे काम कॅल्शियमच करते, हा आग्रह सोडला नाही आणि १९६०च्या दशकात ट्रोपोनिन शोधून काढले. अशा माणसाचे नाव आपल्या वर्गांत क्वचितच उच्चारले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आणि हा विषय केवळ परीक्षेचा नाही. छातीत दुखते म्हणून धंतोली किंवा रामदासपेठेतल्या रुग्णालयात नेलेल्या माणसाच्या रक्तात डॉक्टर ट्रोपोनिनच तपासतात. हृदयाच्या स्नायूतले ट्रोपोनिन-आय आणि ट्रोपोनिन-टी हातापायांच्या स्नायूंतल्यापेक्षा वेगळ्या घडणीचे असतात, म्हणून ते रक्तात वाढलेले दिसले की इजा हृदयाला झाली आहे, हे ओळखता येते. ट्रोपोनिन-सी मात्र या तपासणीला उपयोगी पडत नाही, कारण हृदयातले ट्रोपोनिन-सी संथ गतीच्या इतर स्नायूंमध्येही तसेच्या तसे सापडते.