‘निघालोय सर’ म्हणजे अजून अंथरुणात

बेळगावात कॉलेजची फुटबॉल मॅच नऊची, रिपोर्टिंग साडेसातचं. आठ वाजले तरी मैदानावर सात पोरं, आणि त्यात दोन गोलकीपर. फोन लावला की ठरलेलं उत्तर: ‘निघालोय की ओ सर, आरपीडी क्रॉसवर आलोय.’ मागं मिक्सर फिरतोय. आरपीडी क्रॉसच्या चौकात चटणी कोण वाटतं रे?

आदल्या रात्री ग्रुपवर अठरा अंगठे आलेले असतात. अंगठा नेमका कुणाला दाखवला ते सकाळी कळतं.

आणि उशिरा येणारा लांब खानापूरचा नसतो, हे विशेष. खानापूरचा, शिनोळीकडचा पोरगा अंधारात बस धरतो आणि सव्वासातला बूट बांधून उभा असतो. उशीर करतो तो टिळकवाडीतला, ज्याला गच्चीवरून मैदान दिसतं.

‘सर, मॅच तर नऊला आहे ना?’ आहे. पण वॉर्मअप म्हणजे मैदानाला दोन राऊंड मारून कमरेवर हात ठेवणं नव्हे. आठ वीसला सुरू करून आठ पन्नासला संपवायचं असतं. पाच-सहा मिनिटं हलकं धावणं, बाजूला सरकत, गुडघे वर घेत. मग सात-आठ मिनिटं चालता चालता स्ट्रेचिंग: पाय झुलवणं, लंजेस म्हणजे पाय पुढं टाकून गुडघा वाकवणं, कंबर फिरवणं. मग पाच विरुद्ध दोनचा बॉक्स: पाच जण चौकोनात पास देतात, मधले दोघं बॉल हिसकावतात, म्हणजे बॉलला पाय लागतो आणि बोलायला तोंड उघडतं. शेवटी शूटिंग आणि वीस मीटरच्या चार-पाच फुल स्प्रिंट. गोलकीपरचं वेगळं: आधी हातात सोपे बॉल, मग खालचे, मग क्रॉस, म्हणजे कडेनं गोलसमोर येणारे. क्रॉस मारायला कडेनं खेळणारा विंगर लागतो, आणि विंगर मिक्सरजवळ बसलाय.

पावणेनऊला बाईकवरून उतरणारा दोनदा पायाची बोटं शिवतो आणि ‘रेडी सर’ म्हणतो. बाराव्या मिनिटाला पहिला लांब बॉल येतो, थंड स्नायूवर एकदम जोर पडतो, आणि हा मांडीच्या मागं हात लावून खाली बसतो. हॅमस्ट्रिंग. एक सब, म्हणजे बदली खेळाडू, तिथंच खर्ची पडला, आणि पोरगा पुढचे दोन-तीन आठवडे लंगडणार. इंटर कॉलेज नॉकआऊट, म्हणजे हरलं की बाहेर, असेल तर तेवढ्यात सीझनच संपतो.

मग ते अमर वाक्य: ‘एक जण नसला म्हणून काय होतंय सर?’ काय होतंय ते बघ. 4-4-2 म्हणजे मागं चार बॅक, मध्ये चार मिड, पुढं दोन स्ट्रायकर. त्यातला राईट बॅक आला नाही. राईट मिडला मागं ओढावं लागतं. त्याच्या जागी एक स्ट्रायकर बाजूला जातो. वर राहिलेला दुसरा स्ट्रायकर एकटा पडतो, कारण बॉल धरून ठेवायला जोडीदारच नाही. एक गैरहजर, तीन जागा बिघडल्या. वर त्यांचा कॉर्नर आला की जवळच्या पोस्टवर उभं राहायचं काम त्या राईट बॅकचं होतं. मागं ओढलेल्या राईट मिडला ते माहीतच नाही, तो पेनल्टी स्पॉटवर कुणाला तरी धरून उभा. बॉल बरोबर त्या पोस्टवर येतो. मग सगळे गोलकीपरकडं बघतात. त्या बिचाऱ्यानं काय घोडं मारलंय?

नियम तर कुणी वाचतच नाही. किमान सात असतील तर रेफरी मॅच सुरू करतो, म्हणून ‘सातजण आहेत की’ म्हणून खूश व्हायचं? सबची नावंही मॅच सुरू व्हायच्या आधी यादीत लागतात. यादीत नाव नाही त्यानं नऊ पाचला येऊन किती गयावया केली तरी रेफरी आत घेणार नाही. यादीत नाव असलेला उशिरा येऊ शकतो, रेफरीच्या परवानगीनं. म्हणजे जो नाही त्याच्यासाठी जागा अडवायची, आणि जो हजर आहे त्याचं नाव कापायचं.

आले तरी तऱ्हा आहेच. एकाचे शिनगार्ड घरी. शिनगार्डशिवाय खेळता येत नाही आणि ते सॉक्सच्या आत लागतात, हे दरवेळी नव्यानं सांगायचं. मग पुठ्ठा शोधायला पळापळ. दुसऱ्याच्या मनगटात कडं. ‘सर, वरून टेप लावतो.’ टेप चालत नाही, कडं निघालंच पाहिजे. मग नळाखाली साबण चोळत मनगट लाल करून घेणं, आणि तिकडं आम्ही टॉसला उभे. कडं रात्री काढायला काय झालं होतं? तिसरा मॅचच्या दिवशी नवे कोरे बूट घालून येतो. हाफ टाइमला टाचेवर रुपयाएवढा फोड. नवे बूट आधी चार-पाच प्रॅक्टिसला मळवायचे असतात. पावसाळ्यात तर आपली लाल माती बुटाच्या तळाला अशी थापली जाते की स्टड बुजून जातात आणि पोरगं वळताना सरळ बसतं. काडीनं खरवडायला मिनिटभर लागतं. पण त्या वेळात सेल्फी होते.

खाणं बोलूच नका. सातला दोन प्लेट वडा आणि वरून मिरची भजी, नऊला मॅच, सव्वानऊला पोट धरून उभा. पोटभर जेवण तीन तास आधी झालं पाहिजे. पहाटे सहाला कोण जेवणार? म्हणून सातच्या आत दोन केळी नाहीतर छोटी प्लेट पोहे, आणि थोडं थोडं पाणी. बास. आदल्या रात्री बारापर्यंत टर्फवर कॅश प्राइजची फाइव्ह-अ-साइड, म्हणजे पाच-पाच जणांची मॅच, खेळून आलेल्याला ते सांगायचं तरी कशाला! त्याचे पाय तिथंच राहिलेत.

पोरांना शिस्त कळत नाही, असंही नाही. गणपतीच्या दिवसांत ढोलाच्या सरावाला हीच पोरं वेळेच्या आधी जातात. कारण उशीर केला की पथकातला दादा ढोल काढून दुसऱ्याला देतो. इथं मात्र पंधरा दिवसांत प्रॅक्टिसला दोनदा तोंड दाखवणाऱ्या ‘स्टार’ला जर्सी ठरलेली, आणि रोज येऊन मैदानावर खुणेचे कोन लावणारा, जर्सीवर घालायचे बिब गोळा करणारा पोरगा बेंचवर. यात पोरांपेक्षा आम्हा कोचांचीच चूक जास्त. ‘गोल तोच मारतो’ म्हणून आम्ही गप्प बसतो, आणि बाकीचे सतरा ते बघतात.

सोमवारी मात्र पी.डी. (फिजिकल डायरेक्टर) सरांच्या खोलीबाहेर ओ.डी.च्या (ऑन ड्यूटी, म्हणजे खेळायला गेल्याच्या) हजेरीसाठी रांग लागते, वेळेआधी दहा मिनिटं. मॅचला न आलेलाच सगळ्यात पुढं.

तर पुढच्या मॅचला पावणेनऊला यादी रेफरीच्या हातात जाईल. त्या वेळी मैदानात बूट बांधून, घाम आलेला जो दिसेल त्याचंच नाव असेल, मग तो फर्स्ट इयरचा का असेना. आरपीडी क्रॉसवाल्यांनी येताना पाण्याचे दोन कॅन घेऊन यावेत.