मालकाचे उत्तर: मुठीतून निसटलेल्या तलवारीच्या पात्याबद्दल

दादा, नमस्कार. आमच्याकडून घेतलेल्या तलवारीचं पातं शिवजयंतीच्या मिरवणुकीत मुठीतून निसटलं, पण कुणाला लागलं नाही, हे दुकानाला एक तारा देऊन तुम्ही लिहिलेल्या रिव्ह्यूत वाचून जीव भांड्यात पडला. चारचौघांत तुमची मान खाली गेली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. नंतर तुम्ही फोन केला तेव्हा आमच्या पोरानं "विकलेला माल परत घेत नाही" म्हणून फोन ठेवून दिला, तेही चुकलंच.

पण तुम्ही लिहिलंय, "१,७०० रुपयांत भंगार गळ्यात मारलं, काहीच सांगितलं नाही." भंगार म्हणा, ऐकून घेईन. "काहीच सांगितलं नाही" हे मात्र जिवाला लागलं.

जरा आठवा. आमच्या काउंटरवर मूठ उघडून ठेवलेली एक तलवार कायम असते. ती मी तुमच्याच हातात दिली होती. पातं मुठीच्या तोंडाशीच संपतं, पुढं बारीक गज वेल्डिंगनं जोडलेला आणि मुठीच्या बुडाला नट. ही भिंतीवर लावायची, फिरवायची नाही, झटका बसला की वेल्डिंग सुटतं, हे मी दोनदा बोललो. तुमच्या फोटोत तुटलंय ते नेमकं तिथंच.

मग ५,२०० ची काढली. तिचा मुठीत जाणारा भाग पात्याचाच, जोड नाही. दोन्ही तुमच्या कानाजवळ हलवल्या. स्वस्तातली खुळखुळली, दुसरी गप्प. टोकाकडून एक डोळा मिटून पाठ बघा म्हणालो, तेव्हा पहिलीला पीळ आहे हे तुमच्या मित्रानंच ओळखलं. तरी तुम्ही म्हणालात, "दोन तास मिरवायची, एवढी महाग कशाला? ही जड लागायली, हीच द्या."

जड म्हणजे भारी, असं बहुतेकांना वाटतं. स्वस्तातली जड लागते कारण पातं मुठीपासून टोकापर्यंत एकाच जाडीचं आणि मूठ ओतीव. चांगलं पातं टोकाकडं पातळ होत जातं, म्हणून हाताला हलकं येतं. जुन्या तलवारीही बहुतेक किलोच्या आसपासच भरतात. आणि त्या अखंड असायच्या असं तुम्ही लिहिलंय, तसं नाही दादा. मूठ तेव्हाही वेगळीच असायची, पात्याचं शेपूट लाखेनं तिच्यात बसवायचे. पण ते शेपूट पात्याच्याच लोखंडातून ओढलेलं, वेल्डिंगचं नाही.

चकाकीचंही तेच. स्टेनलेस सहसा गंजत नाही म्हणून लोक तीच उचलतात, पण एवढ्या लांब पात्यात ते झटका सोसत नाही. कार्बन स्टीलला तेलाचा हात फिरवावा लागतो, म्यानात ओलं ठेवून चालत नाही, एवढं ऐकलं की गिऱ्हाईक मागं सरतं. पात्यावर लहरी दिसल्या की जुनं पोलाद समजून हरखणारेही रोज येतात. त्या लहरी बऱ्याचदा वरून ॲसिडनं काढलेल्या असतात, हे आम्हीच सांगतो आणि स्वतःचीच विक्री घालवतो.

नांदेडात गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर हे दुकान वडिलांपासूनचं आहे. पंजाबातून आलेली संगत आता आधी मोबाईलवर तारे बघते, मग पायरी चढते. तुमचा एक तारा सगळ्यात वर दिसतो. गेल्या रविवारी दोघं दारातूनच वळले.

चूक आमचीही आहे. बिलावर नुसतं "तलवार १ नग" लिहिलंय, "शोभेची" लिहायला हवं होतं. यापुढं तसं लिहू, पोरांनाही समज देऊ, बाकी काय सुधारता येईल ते बघतोच आहोत.

पातं आणि मूठ दोन्ही घेऊन या, ५,२०० च्या तलवारीत तुमचे १,७०० वळते करून देतो. सोमवारी दुकान बंद असतं. तारा एकच राहिला तरी चालेल, पण ते "काहीच सांगितलं नाही" तेवढं काढा, दादा.